कोकणातलं जुनं कौलारू घर आणि परसबाग: पावसाच्या वेळापत्रकानं, सावकाश करायची दुरुस्ती

कोकणातलं जुनं चिरेबंदी (जांभ्या दगडाच्या चिऱ्यांत बांधलेलं) घर एका उन्हाळ्यात 'उरकून टाकायचं' ठरवलं की ते बहुतेक वेळा बिघडतं. मे महिन्यात गवंडी, सुतार, वायरमन सगळे एकदम लागतात. पाऊस तोंडावर येतो म्हणून घाई होते, सिमेंटच्या गोण्या रिकाम्या होतात आणि दोन पावसाळ्यांत नवा गिलावा फुगून सुटायला लागतो. त्यापेक्षा तीन-चार वर्षं हाताशी धरा. परसबाग मात्र पहिल्याच वर्षी सुरू करा. भिंत एका हिवाळ्यात दुरुस्त होते, जांभ्यावरची माती सुधारायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

दोन्ही कामांच्या मुळाशी पाणी आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छपराखालची जागा १०० चौरस मीटर असेल तर हंगामात तीन लाख लिटर पाणी घराभोवती उतरतं. घराला ते जोत्यापासून लांब गेलेलं हवं असतं, बागेला ते फेब्रुवारी-मार्चमध्ये हवं असतं. कामाचा क्रम यावरूनच ठरवा.

पहिला पावसाळा बघण्यात घालवा

छप्पर अगदी पडायला आलं नसेल तर पहिल्या पावसाळ्यात मोठं काम काढू नका. पाऊस पडत असताना दिवसा माळ्यावर चढा. गळती जिथे टपकते तिथे कौल फुटलेलं असतंच असं नाही. पाणी वाशावरून किंवा रिपेवरून (कौलं अडकवायच्या आडव्या पट्टीवरून) खाली ओघळत येतं आणि मध्येच कुठेतरी टपकतं. म्हणून ओला माग धरून वर आढ्याच्या दिशेनं बघत जा. पाणी शिरतं त्या जागी वाशावर खडूनं खूण करा आणि फोटो काढून ठेवा.

भिंतींची ओल किती उंच चढते ते सप्टेंबरमध्ये पेन्सिलीनं रेघ मारून नोंदवा, मग जानेवारीत पुन्हा बघा. जमिनीपासून सलग दोन-तीन फूट ओल जानेवारीतही टिकून असेल तर पाणी खालून जोत्यातून चढतंय. डाग वर, वळचणीजवळ असतील तर दोष छपराचा. न्हाणीच्या किंवा मोरीच्या भिंतीपुरतीच ओल असेल तर आधी नळ आणि निचरा तपासा. भिंतीला तडा असेल तर त्यावर आडवा, तळहाताएवढा प्लास्टर ऑफ पॅरिसचा पट्टा थापा आणि त्यावर तारीख लिहा. वर्षभरात पट्टा अखंड राहिला तर तडा जुना आणि थांबलेला आहे, चुन्यानं भरून घ्या. पट्टा तडकला तर भिंत अजून सरकते आहे. अशा वेळी, किंवा ओळंबा लावल्यावर भिंत बाहेर कललेली दिसली तर, जुन्या बांधकामाची माहिती असलेला इंजिनिअर बोलवा. गवंड्याच्या अंदाजावर तो तडा बुजवून टाकू नका.

याच पावसाळ्यात परसाचीही पाहणी होते. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही कुठे पाणी साचून आहे, फणस-आंब्याची सावली कुठवर येते, डिसेंबरच्या तिरप्या उन्हात कोणत्या जागेला सहा तास ऊन मिळतं, हे वहीत लिहून ठेवा. भाजीपाल्याची जागा या नोंदींवरून ठरेल. विहिरीपासूनचं अंतर त्यानंतर बघा.

कागदपत्रांचं कामही या चार महिन्यांत करून घ्यावं. ग्रामपंचायतीकडचा घराचा असेसमेंट (घरपट्टी आकारणीचा) उतारा आणि जमिनीचा सातबारा काढून नावं तपासा. वडिलोपार्जित घरात सहहिस्सेदार असतील तर त्यांची लेखी संमती घ्या. दुरुस्तीवर खर्च झाल्यानंतर या बोलण्याला वेगळाच सूर लागतो.

छप्पर: पावसाआधीचं पहिलं काम

मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरमध्ये काढला आणि तिथून ही कौलं पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोचली. पुढे कारखाने वाढले आणि प्रत्येकाच्या कौलाची खाच थोडी वेगळी पडली. गळतीचं एक मोठं कारण इथेच आहे. फुटलेल्या कौलाच्या जागी दुसऱ्या कारखान्याचं कौल बसवलं की दोघांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत आणि वाऱ्याबरोबर आलेलं पाणी त्या फटीतून आत येतं. म्हणून कौलाच्या पाठीवरचा छाप वाचा आणि एका पाखावर, म्हणजे छपराच्या एका उतरत्या बाजूवर, एकाच छापाची कौलं ठेवा. कमी पडली तर पडवीचं किंवा मागच्या बाजूचं पाखं नव्या कौलांनी करा आणि तिथली जुनी कौलं मुख्य छपरावर घ्या. शंभरेक जास्तीची कौलं उभी रचून कोरड्यात ठेवा. एखाद्या सकाळी वानरांची टोळी छपरावरून उड्या मारत गेली की ती लागतात.

काम मार्च-एप्रिलमध्ये घ्या, मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत संपवा आणि एका वेळी एकच पाखं उघडा. कौलं उतरवताना आढ्याकडून वळचणीकडे या, बसवताना वळचणीकडून आढ्याकडे जा. प्रत्येक कौल हातात धरून बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणीत आवाज आला तर चांगलं, बद्द आला तर बारीक तडा आहे, दिसत नसला तरी. शेवाळ नारळाच्या काथ्यानं किंवा मऊ ब्रशनं घासून काढा. तारेचा ब्रश लावला तर कौलाचा वरचा थर जातो आणि मग ते जास्त पाणी पितं.

कौलं उतरली की रिपा तपासा. दोन रिपांमधलं अंतर कौलावर अवलंबून असतं, साधारण साडेबारा इंच. पण मापपट्टीवर विसंबू नका. तुमच्याच ढिगातली दहा कौलं जमिनीवर एकमेकांत अडकवून पूर्ण ताणा, लांबी मोजा, मग पूर्ण दाबून पुन्हा मोजा. दोन्हींच्या मधलं माप घेऊन त्यावरून अंतर काढा. अंतर जास्त झालं तर कौलाची टाच रिपेवर अडकत नाही आणि ते सरकतं. कमी झालं तर कौल डोकं वर काढतं.

छपराचा उतार ३० अंशांपेक्षा बराच कमी असेल, पुढे वाढवलेल्या पडवीचा बहुधा असतो, तर कितीही नीट कौलं लावली तरी वाऱ्याचा पाऊस आत येणारच. तिथे वासे उचलून उतार वाढवायचा किंवा त्या भागापुरता पत्रा घालायचा, हे दोनच इलाज आहेत. कौलांखाली थेट प्लॅस्टिक पसरण्याची सवय मात्र सोडा. घरातली वाफ त्याला खालून धरते, थेंब रिपांवर पडतात आणि रिपा वरून कोरड्या, खालून कुजलेल्या होतात.

आढ्यावरचे कोने (दोन पाखांचा सांधा झाकणारी टोपीसारखी कौलं) बसवायला निव्वळ सिमेंटचा माल कडक पडतो आणि उन्हानं तडकतो. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू हा माल वापरा, कोने आधी पाण्यात भिजवून घ्या आणि सात दिवस गोणपाट टाकून ओलं ठेवा. छपरावर चढणाऱ्यानं पाय वाशाच्या रेषेत ठेवायचा, आढ्यावर अडकणारी शिडी वापरायची आणि कमरेला दोर बांधायचा. शेवाळलेल्या ओल्या कौलांवर कोणालाही चढवू नका, मग ती गळती देवघरावर असली तरी.

पागोळ्या, जोतं आणि निचरा

खालून चढणाऱ्या ओलीचं कारण बहुतेक घरांत सारखंच निघतं. वर्षानुवर्षं अंगणात माती पडून जमीन जोत्याच्या बरोबरीला आली, किंवा कोणीतरी भिंतीला चिकटून सिमेंटचा पट्टा केला. पट्ट्याखालचं पाणी वर उडू शकत नाही, ते भिंतीकडे जातं. असा पट्टा असेल तर भिंतीलगतचा निदान एक फूट तोडून काढा.

मग घराभोवतीची माती खरवडून जोत्याचे निदान ३० सेंटिमीटर चिरे उघडे करा, पण पायाच्या खाली खणू नका. जमिनीला घरापासून बाहेरच्या दिशेनं मीटरला अडीच सेंटिमीटर उतार द्या. पागोळ्या पडतात त्या रेषेत एक फूट रुंद आणि एक फूट खोल चर खणा, त्याच्या तळालाही उतार द्या आणि चिऱ्याच्या कपच्या, फुटकी कौलं, वर नदीचे गोटे असं भरा. पागोळी दगडावर पडली की तांबडा चिखल भिंतीवर उडत नाही.

पन्हळी लावायच्या का, हे झाडांवरून ठरवा. छपरावर फणस, आंबा झुकलेले असतील तर पन्हळ जूनमध्येच पानांनी तुंबते आणि तुंबलेली पन्हळ उलटं पाणी वाशांच्या टोकांवर सोडते. अशा घराला दगडी चरच बरा. वर मोकळं आकाश असेल तर १५० मिलिमीटरची अर्धगोल पीव्हीसी पन्हळ, दर दोन फुटांवर पकड आणि खाली ११० मिलिमीटरचा पाइप घ्या. पाइपाला पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडणारी तोटी ठेवा. पन्हळीची पकड वाशाच्या टोकावर ठोकायची असल्यामुळे हे काम वासे दुरुस्त झाल्यावरच करा.

भिंती: चुन्याचं काम हिवाळ्यात

जांभा सच्छिद्र दगड आहे. तो पाणी शोषतो आणि उन्हात सोडून देतो, मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या भिंती याच जोरावर टिकल्या. वरून सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिक पेंट लावला की आतलं पाणी अडतं, आणखी वर चढतं. वाटेत त्यातले क्षार गिलाव्याच्या मागे जमतात, फुलतात आणि गिलावा चिऱ्याचा पापुद्रा घेऊनच खाली येतो. असा गिलावा आधीच असेल तर हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघा. पोकळ वाजतो तेवढाच काढा. घट्ट धरलेला छिन्नीनं ओरबाडला तर चिऱ्याचा चेहरा जातो.

चुन्याचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळ्यात चुना सुकत नाही आणि एप्रिल-मेच्या उन्हात इतका लवकर सुकतो की बारीक तडे जातात. कळीचा (भाजलेला, कोरडा) चुना पाण्यात विरवताना पातळ प्लॅस्टिकचं पिंप घेऊ नका, उष्णतेनं ते बसतं. लोखंडी पिंपात चुन्याच्या तिप्पट पाणी आधी घ्या आणि त्यात थोडा थोडा चुना सोडा. चुन्यावर पाणी ओतू नका, तो उसळून डोळ्यांत जातो. चष्मा, रबरी हातमोजे आणि जवळ स्वच्छ पाण्याची बादली असल्याशिवाय पिंपाजवळ जाऊ नये, मुलांना तर लांबच ठेवावं. तयार लगदा बारीक जाळीतून गाळा, वर दोन बोटं पाणी ठेवून निदान दोन आठवडे मुरू द्या. न विरलेले खडे राहिले तर ते पुढे भिंतीत विरतात आणि गिलाव्याला फोड येतात.

वाळूकडे माल मिसळण्यापूर्वीच लक्ष द्या. खाडीची वाळू स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं आणि ती भिंत कधीच पुरती सुकत नाही. क्रश सँड घेतलीत तर धुऊन घ्या, तिच्यात भुकटी जास्त असते.

दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरण्यासाठी आणि आतल्या गिलाव्यासाठी एक भाग चुन्याचा लगदा आणि तीन भाग वाळू घ्या. जोत्यासारख्या सतत भिजणाऱ्या भागाला एक भाग लगदा, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची बारीक भुकटी. कमी भाजलेली वीट त्यासाठी उत्तम, पण छपरावरून निघालेली फुटकी कौलं कुटून, पिठाच्या चाळणीनं चाळून घेतली तरी चालतात. दहा चौरस मीटर भिंतीला १२ मिलिमीटर जाडीचा गिलावा करायचा तर वाया जाणारं धरून सुमारे १५० लिटर वाळू आणि ५० लिटर लगदा लागतो. लगदा वाळूच्या कणांमधली जागा भरतो, त्यामुळे दोघांची बेरीज करून माल मोजू नका.

जुन्या दर्जा यंत्रानं कापू नका. हातानं, लोखंडी आकड्यानं २० ते २५ मिलिमीटर खोल खरवडा, ब्रशनं धूळ काढा आणि आदल्या संध्याकाळी व कामाच्या आधी पुन्हा पाणी शिंपडा. कोरडा चिरा मालातलं पाणी तत्काळ पिऊन टाकतो आणि चुना भुसभुशीत राहतो, काम फसण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण. माल घट्ट हवा. मुठीत दाबल्यावर गोळा राहावा, बोटांतून वाहू नये. थापीच्या टोकानं दाबून भरा आणि नख उमटेनासं झालं की ताठ ब्रशनं ठोका. गिलावा करताना एका थरात १२ मिलिमीटरपेक्षा जाड जाऊ नका. सात दिवस ओलं गोणपाट टांगून ठेवा आणि नंतर दुधाइतक्या पातळ चुन्याचे चार-पाच हात द्या. एक जाड हात दिला तर तो पापुद्रे होऊन सुटतो.

लाकूड

वाळवी आणि कूज यांची सुरुवात वाशाच्या त्या टोकापासून होते जे भिंतीवर टेकलेलं असतं, कारण वळचणीची गळती तिथेच मुरते. बारीक पेचकस घेऊन प्रत्येक वाशाच्या टोकाला टोचा. सहज अर्धा इंच आत गेला तर लाकूड गेलंय. पण फक्त टोक गेलं म्हणून फणसाचा, किंजळीचा किंवा सागाचा आख्खा वासा टाकू नका. टेकू देऊन भार उचला, सडका भाग कापा आणि त्याच जाडीचा नवा तुकडा बाजूला लावा. तो निरोगी लाकडाशी निदान अडीच फूट जोडलेला असावा आणि १० मिलिमीटरचे तीन बोल्ट एका रेषेत न घेता खालीवर घ्यावेत. तुळई किंवा आढं गेलं असेल तर जाणता सुतार लागतो, तिथे घरचे प्रयोग नकोत.

आतल्या लाकडाला एक लिटर गरम पाण्यात २० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड आणि ३० ग्रॅम बोरॅक्स विरघळवून ब्रशचे दोन-तीन हात द्या. पावसात भिजणाऱ्या लाकडावर हे टिकत नाही, धुऊन जातं. बाहेर निघणाऱ्या वाशांच्या टोकांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात. ते उत्तम काम करतं, पण कातडी भाजते, तेव्हा हात पूर्ण झाकून घ्या. बोरॅक्सचं उरलेलं पाणी वाफ्यात ओतू नका, जास्त बोरॉननं झाडं जळतात. जमिनीत वाळवीचं रसायन भरून घेणार असाल तर विहीर आणि भाजीची जागा आधी दाखवून ती बाजू वगळायला सांगा.

जुन्या दारं-खिडक्यांच्या तेलरंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांची खात्री नाही. असा रंग कोरडा घासू नका. पाणी मारत खरवडा, खाली ताडपत्री घाला आणि पापुद्रे गोळा करून बांधून ठेवा. ते वाऱ्यानं परसात गेले तर पुढची कितीतरी वर्षं त्या मातीत राहतात. गोठ्यावर किंवा मागच्या पडवीवर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत अ‍ॅसबेस्टॉस असतं. कापू नका, फोडू नका, अख्खे ओले करून उतरवा.

वायरिंग चिऱ्यात खाचा न पाडता बाहेरून पाइपात घ्या आणि ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) व नवं अर्थिंग करून घ्या. जमीन सर्वांत शेवटी. जुन्या सारवलेल्या जमिनीवर गुळगुळीत फरशी सिमेंटमध्ये बसवली की खालची ओल भिंतींकडे वळते. चुन्यात बसवलेली मातीची लादी किंवा शहाबादी फरशी घ्या.

परसबाग: वाफे भिंतीपासून लांब

भाजीचा वाफा घराच्या भिंतीला चिकटून करू नका. रोजचं शिंपणं आणि दर वर्षी वाढणारा मातीचा थर, दोन्ही जोत्याला ओल देतात. निदान दीड मीटर मोकळं सोडा. वेलही वळचणीवर चढवू नका. ओल्या वेलाचा भार कौलं सरकवतो आणि उंदरांना वाट मिळते. बांबूचा मांडव स्वतंत्र उभा करा.

वाफा १.२ मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो, ३ मीटर लांब आणि मध्ये दीड फूट वाट. चार माणसांच्या घराला असे सहा वाफे पुरतात. पावसाळ्यासाठी ते ३० सेंटिमीटर उंच हवेत. कडेला दुरुस्तीतून निघालेले निकामी चिरे लावा, वाटेत कौलांचे तुकडे पसरा. सिमेंटचा मलबा मात्र वाफ्यात जाऊ देऊ नका.

जांभ्यावरची माती आम्लधर्मी असते, पावसात तिच्यातलं सगळं वाहून जातं आणि स्फुरद (फॉस्फरस) असूनही झाडाला मिळत नाही. कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घ्या. सामू (पीएच) साडेपाचच्या खाली आला तर चौरस मीटरला २०० ग्रॅम शेतीचा चुना मे महिन्यात मिसळा आणि शेणखत त्यानंतर दोन आठवड्यांनी घाला. दोन्ही एकदम घातले तर शेणखतातलं नत्र वायू होऊन उडतं. दर हंगामाला एका वाफ्याला २० ते २५ किलो कुजलेलं खत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड द्या.

खत घरीच होतं. फुटके-तुटके चिरे माल न लावता, मध्ये फटी ठेवून मीटरभर लांब, रुंद आणि उंच रचा. हवा खेळती ठेवण्याची ही युक्ती यवतमाळच्या नारायणराव पांढरीपांडे यांच्या नाडेप पद्धतीतली आहे. वीतभर पातेरा (झाडांची गळलेली वाळकी पानं) आणि भाजीचा कचरा, त्यावर शेणकाला, त्यावर दोन बोटं माती, असे थर भरत जा. मूठभर माल पिळल्यावर दोन-तीन थेंब पडावेत. धार लागली तर जास्त ओलं, काहीच नाही तर पाणी शिंपा. वर झाप (विणलेल्या झावळ्या) टाका, नाहीतर पावसात सगळा कस धुऊन जातो. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. पातेरा जाळण्याची पद्धत कोकणात अजून सर्रास आहे, पण या मातीला त्याच पातेऱ्याची सर्वांत जास्त गरज आहे.

वर्षाचं गणित असं बसतं. मे अखेरीला हळद, आलं, सुरण लावा. वानरं यांना फारसं छळत नाहीत, मिरचीलाही कमी त्रास देतात, म्हणून परसाच्या कडेला हीच पिकं असू द्या. दोडकी, पडवळ, काकडी, कारली यांच्यासाठी दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डे मेमध्ये खणून तापू द्या, प्रत्येकी पाच किलो खत घाला आणि पहिल्या पावसावर तीन-चार बिया टोका. दोन रोपं ठेवून बाकीची उपटा. कारल्याची कोकण तारा, मिरचीची कोकण कीर्ती आणि वालाची कोकण भूषण या दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या जाती इथल्या हवेला जमतात. जुलै-ऑगस्टमध्ये पालेभाज्या उघड्यावर टिकत नाहीत. त्या महिन्यांत अळूवर भागवा. वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपं सप्टेंबर अखेरीस तयार करायला घ्या, चार-पाच आठवड्यांनी लावा. वांग्याला दोन-दोन फूट, टोमॅटो-मिरचीला दोन फूट बाय दीड फूट अंतर द्या. नोव्हेंबरपासून मुळा, माठ, पालक, मेथी, कोथिंबीर आणि उरल्या ओलीवर वाल.

पावसाळ्यात वेलाला फुलं भरपूर येतात आणि कोवळी फळं पिवळी पडून गळतात. बहुतेकदा हा रोग नसतो. संततधारेत मधमाश्या फिरत नाहीत, त्यामुळे परागीभवन होत नाही. हातानं करा. लाल भोपळ्याची फुलं पहाटे उमलतात, तेव्हा त्याचं काम सकाळी आठच्या आत. दोडकी आणि दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांचं काम दिवेलागणीला. नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला भाग मादी फुलाच्या केसरावर हळूच फिरवा. मादी फूल ओळखायला सोपं आहे, त्याच्या मागे इवलंसं फळ असतं. फळमाशीसाठी क्यू ल्युअरचा (नर माश्यांना ओढणाऱ्या वासाच्या गोळीचा) एक सापळा परसाला पुरतो. कीड लागलेली फळं खतात टाकू नका, दोन फूट खोल पुरा.

वांगं किंवा टोमॅटोचं झाड हिरवंगार असतानाच एका दुपारी मान टाकतं आणि पुन्हा उठत नाही, तेव्हा जिवाणूजन्य मर असण्याचा संशय घ्या. खात्री घरीच करता येते. खोडाचा बोटभर तुकडा तिरका कापा, काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात कापलेलं टोक बुडवून स्थिर धरा. दोन-चार मिनिटांत त्यातून दुधट, धाग्यासारखी रेघ खाली उतरू लागली तर मरच आहे. झाड मुळासकट काढून जाळा आणि त्या वाफ्यात तीन वर्षं वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा लावू नका. तिथे माठ, मका, वाल घ्या. हा जिवाणू साचलेल्या पाण्यातून पसरतो, म्हणून त्या वाफ्याचा निचरा आधी सुधारा.

आता उन्हाळ्याच्या पाण्याचा हिशोब. मार्च-मेमध्ये चौरस मीटरला रोज सुमारे पाच लिटर धरलं तर सहा वाफ्यांना १०८ लिटर लागतात. पन्हळीखालची ५००० लिटरची टाकी भरलेली असली तरी दीड महिन्यात संपते. दोनच वाफे चालू ठेवले तर तीच टाकी साडेचार महिने, म्हणजे मृगापर्यंत पोचते. उरलेल्या चार वाफ्यांवर पातेऱ्याचं वीतभर आच्छादन घालून त्यांना विश्रांती द्या. न्हाणीचं पाणी माड, केळी आणि अळूला सोडा. कच्च्या खायच्या भाज्यांना ते देऊ नका, आणि ब्लीच वापरलेलं पाणी बागेत मुळीच नको.

मांडव उतरवण्याआधी प्रत्येक वेलावरचं एक निरोगी, मधल्या काळात धरलेलं फळ वेलावरच पुरतं वाळू द्या. दोडकं हलवल्यावर आत बिया वाजल्या की तोडा. बिया सावलीत आठवडाभर सुकवा, चुलीची चाळलेली कोरडी राख मिसळून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा आणि बाटलीवर नाव व वर्ष लिहा. बाटली जमिनीलगतच्या फडताळात ठेवू नका, तिथे ओल असते. माळ्यावरही नको, कौलांखालच्या उन्हाळी तापात बिया मरतात. माजघरातली आतली भिंत, छातीच्या उंचीवर, ही त्यासाठी योग्य जागा.